मत्स्यालयाच्या काचेवरील ओरखडे : एक मागोवा

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मे १८५३मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय खुले झाले, तेव्हापासून जलचर पाहण्याची सारी भिस्त मधल्या पारदर्शक भिंतीवर राहिली आहे, आणि त्या भिंतीवर पडणाऱ्या ओरखड्यांचे काय करायचे, हा प्रश्नही तेवढाच जुना आहे. दीडशेहून अधिक वर्षांत त्याला मिळालेली उत्तरे एकापुढे एक ठेवली, तर असे आढळते की उपाय ठरवताना ओरखड्याच्या खोलीइतकेच महत्त्व त्या काळी भिंत कशाची आणि कोणत्या रीतीने बनत होती याला आले.

ब्रिटनमध्ये काचेवरील जबर कर १८४५ साली उठला आणि मोठी तावदाने आवाक्यात आली. जाड तावदानासाठी वितळलेली काच ओतून तिचा पत्रा करीत, तो आधी वाळूने, मग अधिकाधिक बारीक कुरुंदाने घासत आणि शेवटी लोहाच्या ऑक्साइडच्या तांबड्या पुडीने, जिला कारागीर ‘रूज’ म्हणत, चकाकी आणीत. म्हणजे तावदानाचा सगळा पृष्ठभाग मुळात ओरखडे पाडून आणि पुन्हा ते मिटवूनच तयार होत असे. त्यामुळे नंतर पडलेला चरा घालवणे हे काच कारखान्याच्या लेखी वेगळे कसब नव्हते. अडचण होती ती तावदान बाहेर काढण्याची, कारण ओतीव लोखंडाच्या चौकटीत पुट्टीने बसवलेली काच सोडवताना फुटण्याचाच संभव अधिक. म्हणून काचेला हात न लावता ती स्वच्छ राहील, अशा युक्त्यांकडे आरंभीच्या संग्राहकांचा कल होता. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा मेळ घालून पाणी न बदलता टिकणारी पेटी सिद्ध केली; त्यातील गोगलगायी कुजका पाला व शेवाळ खात, आणि हे काम कोणत्याही ब्रशपेक्षा काचेला कमी उपद्रवी होते.

या काळात ओरखडा हा दिसण्यातला दोष मानला जाई. तो बळाचाही प्रश्न आहे, हे फार्नबरो येथील अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांच्या १९२१ सालच्या निबंधानंतर स्पष्ट झाले. काच अणूंच्या बंधांवरून अपेक्षित असते त्याहून कितीतरी कमी ताणाला का तुटते, याचे कारण त्यांनी पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगांत दाखवले : भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि भेग जितकी लांब, तितका काच तुटायला लागणारा ताण कमी. पुढे १९६०च्या दशकातील प्रयोगांनी यात आणखी एक गोष्ट जोडली, ती मत्स्यपेटीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे : ताणाखाली असलेल्या भेगेच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोचले, की सिलिकॉन व ऑक्सिजन यांमधील बंध सुटू लागतात आणि भेग हळूहळू सरकते. ६० सेंटिमीटर खोल पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलोग्रॅम भार पडतो व तावदान किंचित बाहेर फुगते. त्यामुळे मध्यभागी ताण बाहेरच्या पृष्ठभागावर येतो, आतला पृष्ठभाग दबलेला राहतो. म्हणूनच शेवाळ खरवडताना आतून पडलेल्या पुसट रेघांपेक्षा बाहेरून, मधोमध पडलेला खोल चरा अधिक काळजीचा, आणि तावदानाच्या कडेचा टवका त्याहूनही वाईट.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूजची जागा सीरियम ऑक्साइडने घेतली. ही पूड काच नुसती घासत नाही, तर पाण्याच्या साहाय्याने तिच्याशी रासायनिक क्रियाही करते, त्यामुळे चकाकी लवकर येते. आजही ओरखड्यावर खरा चालणारा उपाय हाच आहे. टूथपेस्टचे प्रयोग काचेवर व्यर्थ ठरतात. तरीही सीरियमची मर्यादा कठोर आहे. नख अडकेल एवढा चरा मिटवायचा, तर भोवतालची काच त्याच खोलीपर्यंत उतरवावी लागते. ती एकाच जागी उतरवली, तर तिथे खळगा होऊन पलीकडचा मासा वाकडातिकडा दिसतो, आणि घाईने कोरडे घासले, तर उष्णतेने काच तडकते. रेघ परवडली, पण खळगा नको, असेच बहुतेक जाणकारांचे मत पडते.

१९५९मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवण्याची रीत जाहीर केली आणि तावदाने घासण्याची गरजच उरली नाही. त्याच सुमारास सिलिकॉनच्या गोंदाने लोखंडी चौकट मोडीत काढली. काच स्वस्त झाली, पेटी कोणत्याही गल्लीत जोडता येऊ लागली, आणि ओरखडा दुरुस्त करण्याऐवजी तावदान बदलणे किंवा ती बाजू भिंतीकडे फिरवणे व्यवहार्य ठरले. घासकामाचे कसब ज्या गतीने ओसरले, ती पाहता ही प्रगती एकतर्फी नव्हती, असे म्हणावे लागते.

याच काळात चुंबकी घासण्या घराघरांत पोचल्या आणि ओरखड्यांचे मुख्य कारणही ठरले. खनिजांची कठिणता मोजणाऱ्या मोह्‌सच्या श्रेणीत साधी काच साडेपाचच्या आसपास, तर वाळूतील स्फटिक सातवर येतो. चुनखडीयुक्त लालसर शैवालाचा थर काचेहून मऊ असतो; चरा पाडतो तो घासणीखाली अडकलेला वाळूचा एखादा कण.

विशाल मत्स्यालयांनी मात्र वेगळीच वाट धरली. १९३०च्या दशकात बाजारात आलेले ॲक्रिलिक काचेहून कितीतरी मऊ असल्याने त्यावर शैवालाच्या कवचानेही रेघ उमटते, आणि तरीही ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००२ साली बसवलेली खिडकी, जी ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड आहे, ती ॲक्रिलिकचीच आहे. एवढ्या जाडीची काच पाण्याला हिरवट छटा देईल, आणि तिचे तुकडे सांधा न दिसता जोडताही येणार नाहीत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण दुरुस्तीचे : ॲक्रिलिक टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणाऱ्या घासकागदाने पुन्हा नितळ करता येते, आणि आतल्या बाजूचे हे काम पाणबुडे पाणी न उपसता करू शकतात. शिवाय प्रकाश किती वळतो ते सांगणारा अपवर्तनांक ॲक्रिलिकचा १.४९, काचेचा १.५२ आणि पाण्याचा १.३३ असल्याने, पाण्याने भरलेली रेघ हवेकडच्या रेघेच्या मानाने फार कमी चमकते.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय २०१५मध्ये नूतनीकरणानंतर खुले झाले, तेव्हा त्यातही ॲक्रिलिकचा बोगदा आला. अशा बोगद्यात प्रेक्षक हात लावतात ती बाजू हवेकडची, म्हणजे रेघ सर्वाधिक उठून दिसणारी. तिथे कोरडे फडके वा अल्कोहोलयुक्त द्रव चालत नाही, कारण पहिल्याने धुळीचे कण घासले जातात आणि दुसऱ्याने पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते.