रमजानातली खतावणी

कापडाच्या दुकानात वर्षातून दोनदा माल मोजला जातो. एकदा ३१ मार्चला, सीएसाठी. दुसऱ्यांदा रमजानात. ही दुसरी मोजणी कुठल्याही सरकारी कचेरीनं मागितलेली नसते, ती तपासायला कोणी येत नाही, आणि चुकली तर दंडही होत नाही. तरी ती पहिलीपेक्षा काटेकोर होते, असं मला चिपळूणच्या बाजारातल्या एका दुकानात बसून दिसलं.

दुकान ओळखीच्या माणसाचं. नाव छापायचं नाही, आकडे तर मुळीच छापायचे नाहीत, या अटीवर त्यांनी मला गल्ल्याशेजारी बसू दिलं. त्यांना मी भाई म्हणतो. रमजानात दुपारची नमाज झाली की बाजार सुस्तावतो. रोजा असल्यानं भाई स्वतः पाणीही पीत नव्हते, पण माझ्यासाठी चहा मात्र त्यांनी हट्टानं मागवला. पुतण्या शिडीवर चढून तागे मोजत होता, खाली भाई वहीत लिहीत होते. परकराचं कापड, ब्लाऊज पीस, ड्रेस मटेरियल, लुंग्या, टॉवेल, वरच्या फळीवर नऊवारी. लग्नसराईच्या बस्त्यासाठी आणलेल्या साड्यांचे गठ्ठे अजून सोडलेलेही नव्हते, तेही मोजले.

"विकायला ठेवलंय ते सगळं धरायचं," भाई म्हणाले. "वापरायला ठेवलंय ते सोडायचं."

म्हणजे लाकडी फळ्या, काउंटर, पंखे, फॉल-पिकोचं मशीन, दाराशी उभी स्कूटर, राहतं घर हे काही हिशेबात येत नाही. ही मोजणी जकातीसाठी, म्हणजे इस्लामनं बंधनकारक केलेल्या वार्षिक दानासाठी. जकात बसते ती वाढणाऱ्या मालमत्तेवर : सोनं-चांदी, रोकड, बँकेतली शिल्लक आणि विक्रीचा माल. माणसाच्या गरजेच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे पहिलं तत्त्व. हे ऐकताना माझ्या मनात आपला आयकर येऊन गेला, पण तो विचार लगेच सोडून द्यावा लागला. आयकर उत्पन्नावर असतो. इथं वर्षभर कमावलं किती हा प्रश्नच नाही. वर्ष संपताना हातात उरलं किती, एवढंच विचारायचं.

सीएच्या कागदात माल खरेदीच्या भावानं लागतो, बाजारभाव त्याहून कमी असेल तर त्या भावानं. या वहीत तो आजच्या बाजारभावानं लागतो. चारशेला आणलेली साडी आज साडेपाचशेला जात असेल तर साडेपाचशे, आणि फॅशन गेल्यामुळे तिला कोणी दोनशेही देत नसेल तर दोनशे. पडून राहिलेल्या मालाचा एक कोपरा होता, तिथं भाई बराच वेळ अडले. स्वतःच्या चुकीच्या खरेदीला भाव लावणं कुठल्याही दुकानदाराला जड जातं. मी २०२१ बद्दल विचारलं. त्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा हे दुकानही बुडालं होतं.

"त्या साली मोजायला होतं काय?" ते म्हणाले. "चिखलावर जकात नसते."

माल संपल्यावर उधारीची वही निघाली. कोकणात गणपतीच्या आधी उधारी चढते आणि मुंबईहून पैसे येतील तशी उतरते. जी येणार याची खात्री आहे ती रक्कम आपल्याच मालकीची धरून मोजायची. जी बुडीत दिसते ती सोडायची, हाती आली तर बघायचं. एका पानावर मी सहज सुचवलं, की हा माणूस गरीब आहे, त्याची उधारी माफ करा आणि तेवढी जकात दिली असं समजा. भाईंनी मान हलवली. तसं चालत नाही. जकात म्हणजे गरिबाच्या हातात, त्याच्या मालकीची म्हणून, काहीतरी पडलं पाहिजे. बुडणारं कर्ज कागदावर खोडून आपलं देणं भागवलं, तर त्याला मिळालं काय? आधी त्याला जकातीचे पैसे द्या, मग त्यानं त्यातून स्वखुशीनं उधारी फेडली तर ती वेगळी गोष्ट. पळवाट सुचणार हे ओळखून जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, ती आधीच बुजवून ठेवलेली आहे.

आता मर्यादा आणि दर. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम किंवा ६१२.३६ ग्रॅम, इतक्या किमतीची मालमत्ता चांद्रवर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याच्यावर चाळिसावा हिस्सा देणं बंधनकारक. अडीच टक्के. या दोन वजनांमधलं प्रमाण एकास सात आहे. पैगंबरांच्या काळात वीस दिनार सोनं आणि दोनशे दिरहम चांदी यांची किंमत सारखी धरली जाई, त्यावरून हे आलं. आज सोनं चांदीच्या सातपट नव्हे, कितीतरी पटींनी महाग आहे. त्यामुळे चांदीचा निकष लावला तर खाऊनपिऊन थोडीफार शिल्लक राखणारं घरही देणाऱ्यांत येतं, आणि सोन्याचा लावला तर तेच घर घेणाऱ्यांत बसू शकतं. बरेच उलेमा गरिबाचा फायदा बघून चांदी धरा म्हणतात. वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. जे व्यापारी सोयीसाठी इंग्रजी वर्षानं हिशेब करतात, त्यांना दर २.५ ऐवजी सुमारे २.५७७ टक्के लावायला सांगतात. अकरा दिवसांचीही सूट नाही.

भाईंच्या आकड्यांऐवजी माझे घेऊ. समजा माल, रोकड आणि येणं मिळून २० लाख झाले आणि भिवंडी-सुरतच्या व्यापाऱ्यांचं ६ लाखांचं देणं आहे. हनफी पंथाचा दुकानदार देणं वजा करील : १४ लाखांवर ३५ हजार. शाफई पंथाच्या प्रचलित मतानं देणं वजा होत नाही : २० लाखांवर ५० हजार. महाराष्ट्राच्या देशावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. अरबी समुद्रातून दाभोळसारख्या बंदरांत येणाऱ्या व्यापाऱ्यांशी जो शतकांचा संबंध राहिला, त्याचा हा वारसा मानतात. गलबतं गेली, पंधरा हजारांचा फरक राहिला.

हाच फरक घरात उलटा फिरतो. भाई शाफई, तर भाभी माहेरच्या मिरजेच्या, हनफी. त्यांच्या अंगावरच्या दागिन्यांवर हनफी मतानं जकात आहे. शाफई मतानं बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी भाभी माहेरचाच हिशेब धरतात, आणि पैसे स्वतःच्या साठवणीतून देतात, नवऱ्याकडे मागत नाहीत. दागिने त्यांचे, मेहर त्यांची, म्हणून देणंही त्यांचं. शरियतमध्ये लग्नानं बायकोची मालमत्ता नवऱ्याची होत नाही. मुस्लिम स्त्रीच्या हक्कांवर बोलताना या बाबीकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. व्यवहारात कितीजणींच्या हाती ती मालमत्ता खरोखर असते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

भाईंच्या भावाची गावाकडे हापूसची बाग आहे. आंब्याचं काय, हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात कोणालाही पडेलच. शाफई मतानं शेतीची जकात साठवून ठेवता येणाऱ्या मुख्य धान्यावर, आणि फळांत फक्त खजूर-द्राक्षांवर. आंबा सुटला. त्याचे पैसे बँकेत वर्षभर राहिले तर त्यांवर अडीच टक्के. हनफी बागायतदाराला मात्र आंब्यातूनही हिस्सा काढावा लागतो. शाफई मतानं भाताचं पीक मर्यादेपलीकडे गेलं, म्हणजे सडलेला तांदूळ साडेसहाशे किलोंच्या आसपास भरला, तर पावसावर पिकलेल्यातला दहावा हिस्सा, आणि पंप लावून, खर्च करून पाणी दिलं असेल तर विसावा. पाऊस देवानं दिला, त्यात माणसाचे कष्ट कमी, म्हणून त्याचा वाटा मोठा. इस्लामची अर्थकल्पना मला या एका नियमात सगळ्यात स्पष्ट दिसली.

ती कल्पना अशी : मालक अल्ला, माणूस राखणदार. एकच ईश्वर, फरिश्ते, ईश्वरी ग्रंथ, पैगंबर, कयामत आणि तकदीर यांवर श्रद्धा, ही इमानची कलमं मदरशातलं पोरही घडाघडा म्हणतं. कलमा, नमाज, जकात, रोजा, हज हे पाच स्तंभही आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असतात. पण या यादीतून धर्म कळत नाही. कयामतच्या दिवशी पैसा कुठून आणला आणि कुठं घातला हे विचारलं जाईल, अशी भाईंची खात्री आहे, आणि ती खात्री उधारीच्या वहीतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून चालते. कुरआनात नमाज आणि जकात यांचा उल्लेख वारंवार जोडीनं येतो. इ. स. ६३२ मध्ये पैगंबर गेल्यावर काही टोळ्या म्हणाल्या, नमाज पढू पण जकात देणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याशी युद्ध केलं. भक्ती आणि देणं वेगळं काढायचं नाही, हा दंडक तेव्हापासून पक्का झाला.

सत्तेनं ती वसूल करावी का, हा वाद मात्र संपलेला नाही. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांनी १९८० च्या वटहुकमानं बँक खात्यांतून जकात परस्पर कापायला सुरुवात केली. शिया समाजानं मोठा विरोध करून सूट मिळवली. इतर खातेदारांतही रमजान लागण्याआधी पैसे काढून घेण्याची पद्धत पडली. भारतात असा कायदा नाही. भाईंना कोणी विचारत नाही, म्हणून तर ते इतके बारकाईनं मोजतात, असं माझं मत झालं. बँकेचं व्याज ते हिशेबातच धरत नाहीत. ती रक्कम वेगळी काढून, पुण्याची अपेक्षा न ठेवता, कुणा अडलेल्याला देऊन टाकतात. ती जकात नव्हे, नुसती विल्हेवाट.

वाटपाचा भाग मोजणीहून किचकट. कोणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआनाच्या नवव्या सूरेत सांगितले आहेत : फकीर, मिस्कीन, वसुली करणारे, ज्यांची मनं वळवायची ते, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेला प्रवासी. आईबापांना आणि पोरांना देता येत नाही. त्यांना पोसणं मुळात कर्तव्यच आहे. गरीब बहिणीला, भावाच्या विधवेला देता येते, त्यात दुप्पट पुण्य मानतात. मशिदीच्या बांधकामाला चालत नाही. दुकानातल्या नोकराचा पगार किंवा ठरलेला बोनस यातून भागवता येत नाही. भाईंचे दोन्ही नोकर हिंदू. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात मुसलमानांसाठीच. ऐच्छिक दान, म्हणजे सदका, कोणालाही. त्या दोघांच्या मुलांच्या फीचे पैसे सदक्याच्या पाकिटातून जातात. ही विभागणी मला खटकली आणि मी तसं बोललोही. भाई म्हणाले, "जकात किती ते ठरलेलं आहे. सदक्याला वर छप्पर नाही." उत्तर चांगलं होतं, माझं पूर्ण समाधान झालं नाही.

देताना 'ही जकात आहे' असं सांगावं लागत नाही. नियत देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. विधवा वहिनीचं पाकीट 'पोरांची ईदी' म्हणून जातं. तिला कळत असणारच, पण तसं कोणी बोलत नाही. रमजानात दूरदूरच्या मदरशांचे सफीर, म्हणजे देणगी गोळा करणारे, पावतीपुस्तकं घेऊन बाजारात फिरतात. भाई ओळखीच्यांची पावती फाडतात, बाकीच्यांना नम्रपणे पुढच्या दुकानाचा रस्ता दाखवतात. ईदच्या आदल्या दिवशी घरातल्या माणशी अडीच किलोंच्या आसपास तांदूळ फितरा, म्हणजे ईदचं बंधनकारक दान, म्हणून मोजला जातो. इथलं मुख्य अन्न भात, म्हणून तांदूळ. तान्ह्या मुलाचाही वाटा त्यात असतो.

शेवटच्या दहा दिवसांत दुकानापुढे रांग लागते. शंभर-शंभराच्या नोटा, चार जिल्ह्यांतून आलेली माणसं, दरवर्षी त्यातले कितीतरी चेहरे तेच. हे मला पटलेलं नाही, आणि भाईंच्या स्वतःच्या पंथालाही ते पटणारं नाही. शाफई पंथाचे तेराव्या शतकातले मोठे विद्वान इमाम नववी यांनी म्हटलं आहे, की कारागीर गरीब असेल तर त्याला त्याच्या धंद्याची हत्यारं घेता येतील इतकं द्यावं, म्हणजे तो पुन्हा मागायला येणार नाही. यंदा भाईंनी बाजारपेठेमागच्या गल्लीतल्या एका बाईला शिलाई मशीन घेऊन दिलं, आणि दुकानातलं ब्लाऊज शिवायचं काम तिच्याकडे लावलं. त्याच दिवशी पन्नासेक माणसांच्या हातात शंभराच्या नोटाही पडल्या. इतक्या काटेकोरपणे काढलेला पैसा इतक्या ढिलाईनं वाटला जाऊ नये. रांग बंद करून दरवर्षी दोन मशिनं द्यावीत, असं मी त्यांना सांगितलं आहे.