हेराल्डखालचा डाग

सांगलीत जुन्या गाड्यांचा विषय निघाला की फियाट आणि ॲम्बेसेडर यांच्यातच गप्पा रंगतात. स्टँडर्ड हेराल्डची आठवण कुणाला तरी मागाहून येते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून ही गाडी बांधली. तिचा घाट मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. तिच्याच सांगाड्याच्या आधाराने आणि इंजिनाच्या त्याच घराण्यातून १९६२मध्ये इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं, स्पिटफायरचं सुरुवातीला ११४७चं. पण तेल दोघींचं गळतं ते त्याच चार-पाच जागांहून, आणि त्यातल्या बऱ्याच जागा घरच्या अंगणात आवरता येतात.

अंगणात एवढ्यासाठी, की हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट सगळंच्या सगळं पुढे कलंडतं. चाकाशेजारी पाटावर बसून काम होतं. खाली शिरायचं असेल तेव्हा मात्र नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. विटा तर नकोतच, त्या न सांगता फुटतात.

पाना उचलण्याआधी इंजिन धुवा. रॉकेल किंवा डिग्रीझर आणि ब्रश घेऊन वर्षानुवर्षांचा काळा थर काढा, कोरडं होऊ द्या. मग सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, मिरजेपर्यंत जाऊन या आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सर्वांत वर भिजली असेल, तिथे दुखणं. तेल खाली उतरतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राच्या, टोकाला थेंब धरतं. त्या थेंबाकडे बघून चेंबर उतरवणारे किती तरी जण शेवटी टॅपेट कव्हरपाशी येऊन पोचतात.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण. कॉर्कचं पॅकिंग आणि वरून दोन नट. गळायला लागलं की माणूस नट आवळतो; कॉर्क चेपतो, पत्रा वाकतो, गळती वाढते, मग आणखी आवळतो. झाकण काढून काचेवर पालथं ठेवा. कडा कुठे अधांतरी राहते ते दिसेल; लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हातोडीने ती सरळ करा. जुना कॉर्क खरवडा, नवं पॅकिंग झाकणाच्या बाजूला चिकटवा, डोक्याच्या बाजूला कोरडं ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी झाकण सुखाने निघेल. नटाखालचे वॉशर बदला. नट बोटांनी फिरवून वर किंचित पाना, बस्स.

पॅकिंग तयार मिळालं नाही तर कॉर्कशीट आणून घरी कापता येतं. झाकण शीटवर ठेवून पेन्सिलीने आखा आणि नव्या ब्लेडने कापा. पेट्रोलपंपाच्या बुडाशी आणि डिस्ट्रिब्यूटरच्या बैठकीखाली कागदी पॅकिंग असतं; ते बदलणं अर्ध्या तासाचं काम.

या इंजिनाची खरी गंमत चेंबरच्या पुढच्या टोकाला आहे. तिथे क्रँकच्या पुढच्या बेअरिंगखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी बुजवायला चक्क लाकडाच्या दोन पाचरी असतात! साठ वर्षांत त्या सुकतात, आकसतात. चेंबर उतरवल्यावर जुन्या पाचरी काढायच्या, नव्यांना सीलंट लावून ठोकायच्या आणि वर आलेला भाग धारदार ब्लेडने ठोकळ्याशी सपाट करायचा. ठोकळ्याच्या मऊ धातूतले आटे कुणीतरी आधीच्या आवळाआवळीत खाल्लेले असण्याची शक्यता दाट. तसं असेल तर कुपवाडला टर्नरकडे न्या आणि हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या. मोठा बोल्ट कोंबू नका.

एवढं करूनही चहूकडून तेल पाझरत असेल तर ब्रीदरची नळी बघा. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली उतरतोच. त्याची वाट चिखलाने बुजली की तो आत दाब धरतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो. नळी मोकळी असूनही त्यातून धूर भकभकत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. ते काम अंगणातलं नव्हे.

राहिला मागचा भाग. या जुन्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतं. तिथे उलटे आटे कापलेले असतात; शाफ्ट फिरताना ते तेल मळसूत्रासारखं आत ओढतात. इंजिन थांबलं की ओढणं थांबतं आणि उरलेला थेंब क्लचच्या घरातून खाली येतो, उतारावर गाडी लावली तर जास्तच. तिथे हात घालायचा तर गिअरबॉक्स काढावा लागतो. तो हेराल्डमध्ये आतून, सीटच्या बाजूने निघतो, पण दिवस जातो. क्लच घसरत नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

जुनं तेल गटारात ओतू नका. शेरीनाल्याने ते कृष्णेतच जाणार. डब्यात भरून गॅरेजात द्या. नवं २०डब्ल्यू-५० घाला, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे जाऊ नका, आणि रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवा. सकाळी त्यावर रुपयाएवढा डाग मागच्या बाजूला दिसला, तर गाडी ठीक आहे.