रक्तशर्करा मापन, घरगुती

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण चाचणीपट्टी व मापक यांच्या साहाय्याने घरीच काढण्याची पद्धती. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब त्यासाठी पुरतो. इन्शुलिनाची मात्रा ठरविणे आणि रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घटल्याचे वेळीच ओळखणे हे तिचे मुख्य उपयोग होत [⟶ मधुमेह].

इतिहास : पूर्वी घरी केवळ मूत्रातील शर्करा तपासता येई. परंतु रक्तशर्करा साधारणपणे १८० मिग्रॅ./१०० मिलि. या पातळीच्या वर गेल्याशिवाय ग्लुकोज मूत्रात उतरत नाही; त्यामुळे घटलेली रक्तशर्करा या चाचणीने कळत नसे. १९६५ मध्ये अमेरिकेतील एम्स कंपनीने ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही रक्तासाठीची पट्टी प्रचारात आणली. तीवर ठेवलेला थेंब एका मिनिटाने पाण्याने धुऊन टाकीत व उमटलेला निळसर रंग छापील रंगपट्टीशी ताडून पाहत. हा रंग परावर्तित प्रकाशावरून मोजणारे, अँटन क्लेमेन्स यांचे उपकरण १९७० च्या सुमारास आले. मात्र ते जड व महाग होते. १९८७ मध्ये विद्युत् रासायनिक तत्त्वावरील, लेखणीच्या आकाराचा मापक उपलब्ध झाला. काटेकोर नियंत्रणाने डोळे, वृक्क व तंत्रिका यांचे विकार कमी होतात, हे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबाबत १९९३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने सिद्ध केल्यावर घरगुती मापनाचे महत्त्व वाढले.

तत्त्व : पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डीहायड्रोजिनेज हे एंझाइम असते. त्यामुळे ग्लुकोजाचे ऑक्सिडीकरण होऊन मुक्त झालेले इलेक्ट्रॉन मध्यस्थ संयुगामार्फत विद्युत् अग्रापर्यंत पोहोचतात. या प्रवाहावरून मापक ग्लुकोजाचे प्रमाण दाखवितो. आधुनिक पट्टीला साधारणतः १ मायक्रोलिटर वा त्याहून कमी रक्त लागते व काही सेकंदांत फल मिळते.

कृती : हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करतात. आंबा किंवा द्राक्षे हाताळल्यावर बोटावर राहिलेला रस थेंबात मिसळल्यास आकडा पुष्कळ वाढतो. पट्टी मापकात बसवून बोटाच्या टोकाच्या बाजूस लॅन्सेट ही बारीक सुई टोचतात. मध्यापेक्षा तेथे वेदना कमी होते. बोट जोराने पिळू नये, कारण ऊतकद्रव मिसळून रक्त विरल होते. थेंब पट्टीच्या कडेला लावला की तो आपोआप आत ओढला जातो. आकड्याबरोबर वेळ आणि जेवणापूर्वी की नंतर, हेही नोंदवितात.

अचूकता : २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिग्रॅ. व त्यावरील पातळीस ९५% फले प्रयोगशाळेतील मूल्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. म्हणजे प्रत्यक्ष २०० मिग्रॅ. असता १७० ते २३० यांमधील कोणताही आकडा ग्राह्य ठरतो. म्हणून लहान फरकावरून मात्रा बदलणे योग्य नव्हे. रक्तक्षयात आकडा प्रत्यक्षाहून अधिक येण्याचा संभव असल्याने घटलेली शर्करा झाकली जाऊ शकते. ओलावा व उष्णता यांनी एंझाइम बिघडते. त्यामुळे विशेषतः कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात पट्ट्या मूळ डबीतच ठेवून झाकण तत्काळ घट्ट लावणे आवश्यक असते. मुदत संपलेल्या पट्ट्या वापरू नयेत. मापकासोबतच्या नियंत्रक द्रावाने पट्टी व मापक यांची पडताळणी करता येते.

दक्षता : फल ७० मिग्रॅ. पेक्षा कमी आल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास सु. १५ ग्रॅ. ग्लुकोज वा साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मापन करतात. घाम, कंप, गोंधळ ही लक्षणे असूनही आकडा प्राकृत दिसल्यास हात धुऊन नव्या पट्टीने चाचणी करावी. मात्र त्यासाठी उपचार लांबवू नये. यकृतशोथाचा संसर्ग टाळण्यासाठी सुई व टोचणी दुसऱ्यास देऊ नयेत. मधुमेहाच्या निदानासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच आवश्यक असते.