लॅपटॉप नेमका कशाची वाट पाहतो?

प्रवेशाच्या कॅप फेऱ्या आटोपल्या, फी भरून झाली, की घरात पुढचा विषय निघतो लॅपटॉपचा. बहुतेक घरांत बजेट पस्तीस ते पन्नास हजारांच्या मध्ये कुठेतरी असते. मग लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जा किंवा मोबाइलवर सेलची पाने चाळा, पहिला प्रश्न ठरलेला: आय-थ्री की आय-फाइव्ह? विक्रेताही तिथूनच सुरुवात करतो. प्रोसेसरचे नाव गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते, आणि त्यातला आकडा वाढला की किंमतही बिनबोभाट वाढवता येते. माझ्या मते हा प्रश्न यादीत तिसरा-चौथा असावा. स्वस्त संगणक संथ वाटतो, तेव्हा त्याचा प्रोसेसर बहुधा दमलेला नसतो. तो रिकामा बसून असतो.

कशासाठी बसून असतो, ते आकड्यांत पाहू. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके घेतो. त्याचा एक ठोका आपण एका सेकंदाइतका ताणला असे समजू. सतत लागणारी माहिती त्याच्या पोटातल्या कॅशमध्ये असते, ती काही सेकंदांत मिळते. तिथे नसेल तर रॅमकडे जावे लागते. त्याला या मापाने चार-साडेचार मिनिटे लागतात. रॅममध्येही नसेल तर एसएसडी: साडेतीन दिवस. आणि जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी हार्डडिस्क असेल तर सुमारे दीड वर्ष! प्रोसेसर आय-थ्री असो वा आय-नाइन, हे दीड वर्ष दोघांनाही चुकत नाही.

हार्डडिस्कची दिरंगाई निव्वळ यांत्रिक आहे. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. हिशेब केला तर विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर तुकडे हाती येतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. म्हणून बटण दाबून चहा ठेवायची पद्धत पडली.

एसएसडीत फिरणारे काही नाही. 1980च्या दशकात तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी घडवली; आज वापरतो तिचा नॅन्ड हा प्रकार 1987 साली जगापुढे आला. त्यात इलेक्ट्रॉन एका अतिपातळ विद्युतरोधक थराआड कोंडून ठेवतात आणि वीज गेली तरी ते तिथेच राहतात. हवा तो तुकडा मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मिळतो. सात-आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की तो नवा वाटू लागतो, त्याचे कारण एवढेच. साटा एसएसडी की एनव्हीएमई, या वादात विद्यार्थ्याने फार शिरू नये. कागदावर एनव्हीएमई कितीतरी पट वेगवान आहे, पण दीड वर्षाचे साडेतीन दिवस झाल्यावर पुढची काटकसर रोजच्या कामात क्वचितच जाणवते. एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: अगदी स्वस्त लॅपटॉपमधली 64 जीबीची ईएमएमसी. तीही फ्लॅशच, पण संथ आणि बोर्डावर कायमची चिकटवलेली. विंडोज 11ची किमान गरजच 64 जीबी आहे. वर्षभरात अपडेटलाही जागा उरत नाही.

जाता जाता, 512 जीबीची एसएसडी घेतली आणि विंडोजने 476 दाखवले तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज दोनच्या घातांत. माहिती तेवढीच असते.

आता रॅम. योगायोग असा की 1968 या एकाच वर्षात या विषयातल्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत एक बिट साठवण्याचे पेटंट मिळाले. आजची रॅम त्याच रचनेवर चालते. आणि पीटर डेनिंग यांनी त्याच वर्षी मेमरी कमी पडल्यावर संगणक कसा कोलमडतो याचे विश्लेषण मांडले. या कोलमडण्याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातला काही मजकूर डिस्कवर हलवते. तो पुन्हा लागला की परत आणते आणि जागा करायला दुसरा बाहेर काढते. उघड्या खिडक्या वाढत गेल्या की एक वेळ अशी येते की संगणक काम करतच नाही, फक्त ही ने-आण करतो. म्हणजे चार मिनिटांचे काम पुन्हा पुन्हा साडेतीन दिवसांवर जाते. ब्राउझरच्या वीस टॅब, एक ऑनलाइन तास, एक पीडीएफ आणि मागे कोड एडिटर, एवढ्यावर 4 जीबीचा लॅपटॉप या अवस्थेला पोचतो. 8 जीबीचा काठावर असतो.

म्हणून कला, वाणिज्य, विधी यांच्या विद्यार्थ्याला 8 जीबी चालेल. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने 16 धरूनच चालावे. अँड्रॉइड स्टुडिओसारख्या साधनाला 8 जीबी ही किमान अट आहे, सोयीची पातळी नव्हे. पैसे कमी पडत असतील तर 8 जीबीचा, पण रिकामा स्लॉट असलेला लॅपटॉप घ्या. हा स्लॉट विक्रेत्याला विचारायलाच हवा, कारण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डाला सोल्डर केलेली असते आणि घेतली तेवढीच जन्मभर पुरवावी लागते. दोन स्लॉट असतील तर सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या बऱ्या. डीडीआर4-3200च्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माहिती वाहते, दोन चॅनेलवर दोन पट्ट्या लावल्या की दुप्पट. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रेही याच रॅममधून जातात, त्यामुळे हा फरक पडद्यावर दिसतो. मात्र ‘रॅम नंतर टाकू’ हा बेत पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचे उत्पादन स्वतःकडे ओढून घेतले आणि 2025च्या उत्तरार्धात किमती भडकल्या.

एवढे ठरल्यावर प्रोसेसरकडे या, आणि त्याच्या नावावर विश्वास ठेवू नका. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू यांच्या नावांत एका अंकाचा फरक आहे. पहिल्याला चार कोअर आणि झेन 2 ही 2019 सालची रचना. दुसऱ्याला सहा कोअर आणि त्यानंतरची झेन 3. एएमडीच्या 7000 मालिकेत रचनेची पिढी तिसऱ्या अंकात दडलेली असते, पहिल्या अंकात नाही. नवा दिसणारा 7520यू म्हणजे जुने घर, नवी रंगरंगोटी. शिवाय तो जी रॅम वापरतो ती सोल्डरच करावी लागते. इंटेलकडेही तेच. सातव्या पिढीच्या आय-सेव्हन 7500यूला दोनच कोअर होते, बाराव्या पिढीच्या आय-थ्री 1215यूला सहा आहेत. ‘आय-सेव्हन आहे, डोळे मिटून घ्या’ असे कोणी म्हणाले की डोळे उघडे ठेवून पुढचे चार अंक वाचा.

शेवटच्या अक्षराला पदार्थविज्ञानाचा आधार आहे. ‘यू’ म्हणजे साधारण 15 वॅटच्या घरातला प्रोसेसर, ‘एच’ म्हणजे 45च्या. चिपमध्ये खर्च होणारी वीज वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे थोड्या वेगासाठी बरीच उष्णता पदरात पडते. ती बाहेर टाकायला पंखा आणि तांब्याची नळी लागते, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी नेमकी तिथेच हात आखडते. मग चिप तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मे महिन्यात विदर्भात पंख्याखाली बसून प्रोजेक्ट करणाऱ्याला एचचा महागडा वेग मिळेलच असे नाही. बॅटरीचे गणितही याच वॅटमध्ये सुटते. 42 वॅट-अवरची बॅटरी आणि लिहिण्या-वाचण्यात 7 वॅट खर्च, तर सहा तास. जाहिरातीत ‘दिवसभर’ लिहिलेले असते. तुम्ही वॅट-अवर विचारा.

स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा मोह मुलांना फार असतो. सॉलिडवर्क्ससारखे त्रिमितीय आरेखन शिकणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलाला वेगळे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते, हे खरे, आणि ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, तेव्हा त्याने मॅक घेऊ नये. पण ‘मशीन लर्निंग शिकायचे आहे’ हे कारण घरी सांगितले गेले, तर पालकांनी गुगल कोलॅबचे नाव काढावे. शिकण्यापुरते ग्राफिक्स प्रोसेसर तिथे फुकट मिळतात.

माझे स्वतःचे मत सेकंडहँडच्या बाजूचे आहे. कंपन्या आपले ऑफिस लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा मालिका मजबूत असतात, कीबोर्ड उत्तम असतो आणि बहुतेकांत रॅम-एसएसडी बदलता येते. त्याच पैशात नव्या लॅपटॉपची प्लॅस्टिकची बिजागरी दुसऱ्या वर्षी तडकते. पण इथे एक रेघ पाळायची: इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यानंतरचाच घ्यायचा. त्याला दोन कारणे आहेत. आय-फाइव्हचे लॅपटॉपमधले कोअर दोनाचे चार झाले ते 2017 साली, या पिढीत. आणि विंडोज 11 अधिकृतपणे, थोडे अपवाद सोडले तर, इथूनच पुढे चालते. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढीग बाजारात स्वस्तात ओतले जात आहेत. ते लिनक्स वापरणाऱ्याने जरूर घ्यावेत. लिनक्सची भीती वाटत असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, लिबर ऑफिस आणि सायलॅबवरचे धडे मराठीतही ऐकता येतात.

विद्यार्थ्यासाठी स्वस्त संगणक हा ध्यास काही नवा नाही. एमआयटीचे प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘शंभर डॉलरच्या लॅपटॉप’चा भारतातला पहिला प्रयोग 2007 साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला. त्या हिरव्या यंत्रात पंखा नव्हता, फिरणारी डिस्क नव्हती, त्याऐवजी 1 जीबी फ्लॅश होती, आणि पडदा उन्हातही वाचता येई. अभियांत्रिकी म्हणून ते सुंदर होते, फक्त शंभर डॉलरला ते कधी झालेच नाही. किंमत दोनशेच्या आसपास गेली. चार वर्षांनी, 5 ऑक्टोबर 2011ला, दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेट आणला. किंमत सव्वादोन हजारांच्या घरात राखली, पण त्यासाठी 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि बोट दाबून चालवायचा पडदा पत्करावा लागला. मुलांना तो वापरवेना. पुढे काम मुंबई आयआयटीकडे आले, सुधारित आकाशही निघाला. तोवर बाजार पुढे गेला होता.

आता पुन्हा आजच्या खरेदीकडे. दुकानात पैसे मोजण्याआधी लॅपटॉप सुरू करून टास्क मॅनेजर उघडायला लावा. मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत, ते बहुधा लिहिलेले असते. डिस्क एसएसडी आहे का, तेही तिथेच कळते. सेकंडहँड असेल तर विंडोजचा बॅटरी-रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवा; निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा. पडदा बाजूने पाहा, रंग उलटे दिसले तर तो टीएन प्रकारचा आहे, आयपीएस मागा. बिल जीएसटीचेच घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. एवढे करून काही पैसे उरले तर एक बाहेरून जोडायची साधी हार्डडिस्क घ्या आणि आठवड्यातून एकदा प्रोजेक्ट तिच्यावर उतरवा. बॅकअप घेताना माहिती बरीचशी सलग लिहिली जाते, तिथे तिचा संथपणा आड येत नाही.