चेंबरातला पडदा

पुण्याजवळच्या माण गावच्या हद्दीत, राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात केपीआयटी या कंपनीचं मुख्यालय आहे. तिथे मोटारींचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. आजच्या गाडीला तेलाचा दाब किती, तापमान किती, हे क्षणोक्षणी कळतं. पण दाब घसरल्याचं कळणं वेगळं आणि तो घसरूच न देणं वेगळं. हे दुसरं काम चेंबरात बसवलेला साधा पत्रा करतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

इंजिनाच्या तळाशी चेंबर असतं, त्यात तेल साठतं. पंप जाळीच्या तोंडाने ते ओढतो आणि क्रँकच्या शेल बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचवतो. फिरणारा क्रँक या तेलाच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तरंगत असतो. गाडी जोरात वळली की तेल बाहेरच्या बाजूला चढतं. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. जाळी उघडी पडते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो. मिनिटाला ९००० फेरे घेणारा क्रँक एका सेकंदात १५० वेळा फिरतो. डॅशबोर्डवरचा दिवा लागून चालकाचा पाय उचलला जाईपर्यंत बेअरिंग घासून निघालेलं असू शकतं. मग मेकॅनिक ऑइल फिल्टर कापतो, कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरतो आणि तिथे तांबूस चमचमणारी कच दिसते. ती बेअरिंगचीच असते. त्यानंतर इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही.

पुणेकरांना याचं जवळचं उदाहरण म्हणजे विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्या. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएईच्या धर्तीवरची ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. इंजिनाची मर्यादा ७१० सीसी, म्हणून मुलं बाईकचं इंजिन घेतात. चाकणला बनलेलं जुन्या केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन त्यांच्या खास आवडीचं.

खरी मेख इथेच आहे. बाईक वळताना आडवी होते, तिच्याबरोबर इंजिनही कलतं. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर यांची बेरीज इंजिनाच्या दृष्टीने जवळपास सरळ खालीच लागते आणि तेल तळाशी राहतं. तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत बसवलं की ते वळणावर उभंच राहतं. ज्या आडव्या जोरासाठी त्याचं चेंबर घडवलेलंच नाही, तो आता सगळा तेलावर येतो. स्किडपॅड या फेरीत गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरते, उजवीकडे दोन फेऱ्या आणि डावीकडे दोन. मार्गाची त्रिज्या साधारण ९ मीटर. एक फेरी ५ सेकंदांत झाली, तर आडवा जोर दीड जीच्या आसपास जातो आणि तेल सुमारे ५६ अंशांत कलतं. तेही एका बाजूला सलग १० सेकंद. त्याआधी तपासणीत गाडी ६० अंशांत कलती करून पाहतात. पण त्यात गाडी उलटत नाही ना, काही गळत नाही ना, एवढंच कळतं. पंपाला तेल मिळतंय का, हे त्यातून कळत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. मोठ्या टँकरच्या पोटात पाणी हेलकावू नये म्हणून भोकं असलेले पडदे असतात, त्याच जातीचा. जाळीभोवती पत्र्याची पेटी करायची आणि तिच्या भिंतींना आत उघडणाऱ्या झडपा लावायच्या. तेल आत येतं, उलट जोर आला की झडप मिटते. वर आडवा पत्रा, म्हणजे तेल भिंतीवरून चढून क्रँकपर्यंत जात नाही. ऐकायला सोपं, करायला नाही. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड फिरायला जागा ठेवावी लागते, हेडमधून परतणाऱ्या तेलाला वाट लागते, आणि वेल्डिंगने ॲल्युमिनियमचं चेंबर वाकडं झालं तर गास्केट गळतं. काही इंजिनांत चेंबर बोल्टने सुटतं, तिथे निभतं. जिथे ते क्रँककेसच्याच ओतकामात असतं, तिथे हात घालायलाही जागा नसते.

तेल जास्त भरून भागेल, असं काहींना वाटतं. मला तो मार्ग पटत नाही. क्रँक तेलात आपटला की फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. ड्राय संप उत्तम. त्यात वेगळ्या उभ्या टाकीत तेल साठवतात, चेंबरात ते थांबतच नाही. पोर्शेने ९११ ला तो सुरुवातीपासून दिला. पण जादा पंप, टाकी आणि नळ्या म्हणजे वजन आणि खर्च. महाविद्यालयाच्या तुटपुंज्या निधीत आधी पडदा, मग दाबाचा सेन्सर, आणि ड्राय संप शेवटी, हाच क्रम मला योग्य वाटतो.

माणहून पौडमार्गे ताम्हिणी घाटात जाणाऱ्या रोजच्या गाडीला यातलं काही लागत नाही. रस्त्यावरच्या वळणांना कंपनीचं चेंबर पुरेसं असतं. फक्त गाडी सपाटीवर उभी करून पट्टी बघा, तेल दोन खुणांच्या मध्ये ठेवा. ट्रॅकवर उतरणार असाल, तर टायरवर पैसे घालण्याआधी एकदा चेंबर उघडून आत पडदा आहे का ते पाहा.