अंगण वाकडेच होते!

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तिची जिवंत प्रात्यक्षिके पाहावयाची असतील, तर व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या इतिहासाकडे वळावे. सांघिक खेळात पराभव अकरा जणांत वाटून घेता येतो. खेळपट्टीच्या किंवा नाणेफेकीच्या माथी मारता येतो. मुष्टियोद्धा मात्र रिंगणात एकटा उभा असतो आणि हजारो डोळ्यांदेखत एकटाच कोसळतो. पराभव जितका उघडा, तितकी त्यावर पांघरूण घालण्याची धडपड केविलवाणी.

अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण डिऑन्टे वाइल्डर याचे. पाच वर्षे हेवीवेट गटाचे डब्ल्यूबीसी विजेतेपद राखणारा आणि ४३ लढतींत एकदाही न हरलेला हा अमेरिकन योद्धा २२ फेब्रुवारी २०२० रोजी लास व्हेगास येथे टायसन फ्युरीसमोर उभा राहिला. तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत तो खाली पडला, कानातून रक्त येऊ लागले आणि सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातील प्रशिक्षक मार्क ब्रेलँड यांनी टॉवेल फेकून लढत थांबवली. पराभव इतका एकतर्फी होता की वादाला जागाच नव्हती. तरीही वाइल्डरने कारण सांगितले ते पोशाखाचे! रिंगणात येताना परिधान केलेला अलंकृत पोशाख चाळीस पौंडांहून जड होता आणि त्यामुळे लढतीपूर्वीच पायांतले त्राण गेले, असे त्याचे म्हणणे. मग चाहत्यांनी त्याची एक जुनी मुलाखत शोधून काढली. सरावात आपण ४५ पौंडांचे जाकीट घालतो, असे त्याने तीत अभिमानाने सांगितले होते. पुढे काय झाले असेल, ते सांगावयास नको. हसे झाले. त्यानंतर प्रतिस्पर्ध्याच्या हातमोज्यांविषयी, स्वतःला दिलेल्या पाण्याविषयी आरोप होत गेले आणि प्रत्येक नव्या आरोपागणिक सहानुभूती ओसरत गेली.

ही परंपरा जुनी आहे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत गारद केले. त्यानंतर अनेक वर्षे फोरमन सैल दोरांबद्दल, पंचाने घाईने मोजलेल्या आकड्यांबद्दल आणि पाण्यात काहीतरी मिसळल्याबद्दल बोलत राहिला. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यू ऑर्लीन्सला रॉबर्टो डुरान याने शुगर रे लिओनार्डविरुद्ध आठव्या फेरीत लढत अर्धवट सोडली आणि पोटात कळा आल्याचे सांगितले. जुलै २०११ मध्ये हॅम्बुर्ग येथे व्लादिमीर क्लिचकोकडून तिन्ही पंचांच्या मते स्पष्टपणे हरल्यावर डेव्हिड हे याने पत्रकार परिषदेत टेबलावर चढून पायाचा दुखावलेला अंगठा दाखवला. तो अंगठा लढतीपेक्षा अधिक काळ लोकांच्या स्मरणात राहिला.

वैद्यक व्यवसायातील मंडळी म्हणतील, ‘अहो, पण कळा खऱ्या असतील, अंगठाही दुखत असेल.’ मान्य. वजन उतरवण्यासाठी उपासमार करून वजनमापनानंतर पोटभर जेवणाऱ्याला कळा येणे अगदी शक्य आहे. शिवाय एक बाब चाहत्यांच्या ध्यानात येत नाही. डोक्यावर जबर आघात झालेल्या माणसाला त्या घटनेतील बराच भाग आठवतच नाही. स्मृतीतील ही रिकामी जागा मन नंतर आपल्या सोयीने भरून काढते. तेव्हा हरलेल्या योद्ध्याची कहाणी दरवेळी जाणूनबुजून रचलेली असत्यकथा असेलच, असे नाही.

मानसशास्त्राने या वृत्तीचा बराच अभ्यास केला आहे. यशाचे श्रेय स्वतःच्या गुणांना आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देणे, ही मनाची सर्वसाधारण ठेवण आहे. बर्गलास आणि जोन्स या संशोधकांनी १९७८ मध्ये तिची आणखी एक छटा दाखवली: काही माणसे परीक्षेपूर्वीच स्वतःच्या मार्गात अडथळा उभा करून ठेवतात, म्हणजे अपयश आलेच तर सबब तयार असते.

चाहतेही या नियमाला अपवाद नाहीत. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी यांनी अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. आपला फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसत. शिवाय जिंकल्यावर ‘आपण’ जिंकलो आणि हरल्यावर ‘ते’ हरले, अशी भाषा होई. आपल्याकडील क्रिकेटप्रेमींना याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही! ज्या चाहत्यांना ‘ते’ म्हणणे जमत नाही, ते योद्ध्याची सबब उचलून धरतात आणि तिच्यात स्वतःची भर घालतात. विजेत्याचे चाहते संतापतात, कारण सबबीमुळे त्याच्या पराक्रमाचे मोल कमी होते. उरलेले तटस्थ रसिक थट्टा करतात.

या तटस्थ रसिकांची न्यायबुद्धी मात्र वाखाणण्याजोगी असते. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या फेरीत गारद केले. आठव्या फेरीत डग्लस खाली पडला असता पंचाने आकडे सावकाश मोजले, अशी तक्रार टायसनच्या गटाने केली आणि दोन मोठ्या संघटनांनी निकालाला मान्यता देणे लांबणीवर टाकले. जगभरातून असा गदारोळ उठला की काही दिवसांतच त्यांना डग्लसला विजेता मानावे लागले. रसिक पराभव क्षमा करतात. विजेत्याच्या ताटातला घास काढून घेणे त्यांना खपत नाही.

इथवर हा विषय गमतीचा आहे. परंतु वाइल्डरच्या प्रकरणात एक गोष्ट मनाला लागते. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या मार्क ब्रेलँड यांना टॉवेल फेकल्यानंतर त्याच्या गोटातून दूर करण्यात आले. आपल्या दृष्टीने पाहिले, तर त्या रात्री त्या कोपऱ्यात झालेली सर्वांत शहाणपणाची वैद्यकीय कृती तीच होती. १९८३ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने या खेळावर बंदीची शिफारस केली, ती मेंदूवर होणाऱ्या आघातांमुळेच. जो टॉवेल फेकतो त्यालाच पराभवाचे खापर सोसावे लागणार असेल, तर उद्या दुसऱ्या कोपऱ्यातील हात क्षणभर थबकेल आणि तेवढा क्षण एखाद्या तरुणाच्या प्राणावर बेतू शकेल. सबब निरुपद्रवी नसते. तिची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो.

म्हणूनच ‘कारण’ आणि ‘सबब’ यांतील अंतर आपण जपले पाहिजे. कारण पुढच्या वेळी सुधारण्यासाठी शोधायचे असते. सबब आज तोंड लपवण्यासाठी सांगायची असते. रुग्ण दगावल्यानंतर रुग्णालयात जी चिकित्सक चर्चा होते, तिचे सारे मोल या एका फरकावर अवलंबून आहे. रुग्ण उशिरा आणला हे खरे असेल. पण आणल्यानंतर आपण काय केले, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला या वृत्तीचा उगम फार लवकर दिसतो. रांगते मूल उंबरठ्याला अडखळून पडते. आजी लगबगीने येते, उंबरठ्यावर चापट मारते आणि म्हणते, ‘हात रे! माझ्या सोन्याला लागलं ना? थांब, त्यालाच मारू!’ मूल रडायचे थांबते. या मायेत वावगे काही नाही. परंतु आठव्या इयत्तेतही आपण उंबरठ्यालाच चापट मारत राहिलो, प्रश्नपत्रिका, शिक्षक, शेजारचा मुलगा यांनाच दोषी ठरवत राहिलो, तर मूल उठून चालायला शिकणार कधी? आईवडिलांना मी एवढेच सुचवतो, की पडल्याबरोबर आधी जवळ घ्यावे, मग शांतपणे उंबरठा दाखवावा आणि पाऊल कसे उचलायचे ते शिकवावे.

मोठ्या माणसांनाही हे शिकता येते. ऑक्टोबर २०२१ मधील तिसऱ्या लढतीत वाइल्डर पुन्हा हरला. पण फ्युरीला दोनदा खाली पाडून, स्वतः पडून पुन्हा उठत, अकराव्या फेरीपर्यंत झुंजला. रिंगणात त्याने विजेत्याचे अभिनंदन केले नाही. काही दिवसांनी मात्र जाहीरपणे केले. आधी खिल्ली उडवणारे अनेक रसिक त्या झुंजीनंतर त्याच्याविषयी आदराने बोलू लागले. फोरमननेही कालांतराने अलीने आपल्याला निर्विवाद हरवल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि दोघे जिवलग मित्र झाले. याच फोरमनने १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी मायकेल मूररला हरवून हेवीवेट विजेतेपद पुन्हा मिळवले. मार्च २०२५ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा सैल दोरांची आठवण फारशी कोणी काढली नाही. लोकांना आठवला तो हसतमुख, दिलदार माणूस, ज्याला आपला पराभव सांगताना संकोच वाटत नव्हता.