कार्डिओग्राममधले मीठ

कार्डिओग्राम काढला, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हार्ट ठीक आहे ना?" पण कागदावरची ती नागमोडी रेघ कधी कधी भलत्याच अवयवाचे दुखणे सांगत असते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. तिच्यातले अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडांकडून सोडियम राखून घेते आणि पोटॅशियम बाहेर टाकवते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा हे संप्रेरक कुणाला ठाऊक नव्हते. ते वेगळे काढता आले १९५३ साली. कार्डिओग्रामही नव्हता. तरीही कमालीचा अशक्तपणा आणि काळवंडणारी त्वचा यांच्या जोडीला हृदयाची क्षीण गतीही या वैद्याने टिपली होती!

ग्रंथी थकल्या, की सोडियम लघवीवाटे निघून जाते, पाणीही जाते, रक्तदाब उतरतो. गंमत अशी, की सोडियम घटल्याची खूण रेघेवर फारशी उमटत नाही. उमटते ती साचलेल्या पोटॅशियमची. एरवी बुटकी, गोलसर असणारी 'टी' लहर तंबूसारखी टोकदार होते. पुढे 'पी' लहर सपाट होते, मधला उंचवटा रुंदावतो आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर हृदय थांबूही शकते. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम देऊन हृदय सावरतात; सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन देतात. मात्र पोटॅशियम वाढूनही कार्डिओग्राम कधी सरळ दिसतो. म्हणून रक्ततपासणी हवीच.

उलट प्रकारही आहे. अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ग्रंथीतल्या गाठीमुळे अल्डोस्टेरॉन वाढते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटते. 'टी' लहर बसते आणि तिच्यामागे 'यू' नावाची नवी लहर डोके काढते.

ॲडिसन यांच्या काही रुग्णांत ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. आपल्याकडे क्षय हे आजही या विकाराचे एक महत्त्वाचे कारण आहे. वजन घटते, उठताना चक्कर येते, सारखे खारट खावेसे वाटते, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडतात. सावळ्या माणसाला मात्र "उन्हाने रापलास" म्हणून मोकळे होतात. अशा वेळी डॉक्टरांना सोडियम-पोटॅशियमबद्दल जरूर विचारावे. निदान झाल्यावर गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात, त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर मात्रा वाढवावी लागते; ती किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.